मालक खाली राहतात

अमेरिकेतल्या काही लोकांनी आपल्या घरांचे हप्ते भरले नाहीत, म्हणून मला काल्हेरमध्ये पाच महिने एकट्यानं राहावं लागलं.

यात अतिशयोक्ती नाही. तिकडे हप्ते थकले, मग तिकडची एक मोठी बँक बसली. ती बसलेली पाहून इकडच्या माणसांनाही बसावंसं वाटलं. भिवंडीजवळच्या या काल्हेरच्या गोदामांत येणारा माल थांबला, ट्रक रस्त्याकडेला रांगेनं उभे राहिले, हमाल आपापल्या गावी गेले आणि या साखळीचं शेवटचं टोक माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन थांबलं. तो कोणी भाड्यानं घेईना. जागतिक अर्थव्यवस्थेशी माझा इतका जवळचा संबंध त्यापूर्वी कधी आला नव्हता. (पुढेही येऊ नये, अशी इच्छा आहे.)

भिवंडीतल्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. अर्थशास्त्राचं कपाट माझ्या खुर्चीच्या बरोबर पाठीमागे होतं. ते शेवटपर्यंत पाठीमागेच राहिलं. त्यामुळे निवृत्तीनंतर आर्थिक सल्ला घ्यायची वेळ आली, तेव्हा मी माणसाकडे वळलो. तो माणूस म्हणजे भरतशेठ. माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. राहणार शेलार गाव. त्याच्याकडे शेत होतं तोवर त्याला सगळे भरत म्हणत. शेतात गोदाम उभं राहिल्यावर तो शेठ झाला. पांढरे बूट, पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात जाड सोन्याची साखळी. उन्हात त्याच्याकडे पाहायचं तर डोळे बारीक करावे लागत.

"दाजी, आता घर घ्या!" तो म्हणाला.

"अरे, पण मंदी आहे ना?"

"मंदी हाय म्हनून तर घ्यायचा! सगले इकतात तवा आपन घ्यायचा, सगले घेतात तवा आपन इकायचा. मोठी मानसं आसाच करतात."

"सगळे विकतायत आणि आपण एकटेच घेतोय, तर पुढे आपल्याकडून घेणार कोण?"

भरतशेठ माझ्याकडे बराच वेळ कणवेनं पाहत राहिला. मग बहिणीला म्हणाला, "ताई, दाजी लय वाचतात. त्याचाच तरास हाय ह्यांना."

रात्रीची भांडी आवरताना सुमन एवढंच बोलली, "माझ्या भावाचं म्हणून तुम्ही काही गांभीर्यानं घेतच नाही."

मग मी घेतलं. एकदम दोन फ्लॅट घेतले.

झालं असं, की बिल्डरला इमारत विकायची घाई होती आणि त्यानं एक योजना काढली होती. तिचं नाव 'एकावर एक'. मला वाटलं, साड्यांच्या दुकानात असतं तसं काहीतरी असेल. पण योजना शब्दशः खरी होती. एक फ्लॅट तळमजल्यावर आणि दुसरा बरोब्बर त्याच्यावर. किंमत दोन्हींची द्यायची, फक्त दुसऱ्याची जरा कमी. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या दोन खोल्या विकल्या, निवृत्तीचे आले होते ते घातले आणि आम्ही एकावर एक मालक झालो. भरतशेठनं सारा व्यवहार एका वाक्यात समजावला. "खाली ऱ्हायचा आन् वरचा खायाचा!"

इमारतीचं नाव होतं 'सम्राट ग्रँड हाइट्स, सी विंग'. ए आणि बी विंग नव्हत्या. बिल्डरनं सुरुवातच सीपासून केली होती. उंची तीन मजले. लिफ्टसाठी एक उभी पोकळी ठेवली होती, तिच्यात कबुतरं सोयीनं वर-खाली करत. प्रवेशद्वारावर सिमेंटचे दोन घोडे पुढचे दोन्ही पाय उचलून उभे होते. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव दाखवला होता, तो खड्ड्याच्या रूपात हजर होता आणि त्यात जवळच्या तबेल्यातल्या चार म्हशी रोज पोहत होत्या. सोळा फ्लॅट. राहणारे आम्ही दोघं.

म्हणजे पहिले तीन आठवडे दोघं. मग आमची मुलगी वर्षा बाळंत होणार म्हणून सुमन नाशिकला गेली. "सव्वा महिन्यात येते," म्हणाली. सव्वा महिना झाला. दोन झाले.

"अगं, कधी येतेस?" मी फोनवर विचारलं.

"शेजार आहे का तिथे?"

"नाही. पण येईलच की."

"मग आला की मला कळवा. अहो, आपल्या नाक्यावरच्या घरी मी नुसती शिंकले तरी भिंतीपलीकडून 'काय गं, सर्दी का?' असं यायचं. तिथे काल्हेरला मी मेले तरी दूधवाल्याला कळणार. आणि दूधवालाही तिथे येत नाही!"

"म्हणजे तू शेजारासाठी अडून बसलीयस?"

"वरच्या घरात माणसं येऊ देत. डोक्यावर पाटा-वरवंटा वाजला, पाणी सांडलं, पोरं धावली की मला सांगा. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं येते."

तर असा प्रश्न होता. भरतशेठला वाटत होतं, मला भाडं हवंय. मला भाडं नको होतं असं नाही. पण खरं म्हणजे वर भाडेकरू आल्याशिवाय मला माझी बायको परत मिळणार नव्हती.

एकटं राहणं मला जमेल असा माझा समज होता. सगळं आयुष्य 'शांतता राखा' या पाटीखाली बसून काढलेला माणूस मी! पण वाचनालयातली शांतता वेगळी. ती तीस-चाळीस माणसं मिळून राखतात. ही एकट्यानं राखावी लागत होती. नाक्यावरच्या घरामागे लूम, म्हणजे यंत्रमाग होते. त्यांच्या खटखटाटाला मी तीस वर्षं शिव्या दिल्या. आता झोप येईना म्हणून मी टेबलाच्या कडेवर बोटांनी 'खटक-खटक' करून पाहिलं. उपयोग झाला नाही. स्वतःच लूम चालवायचा आणि स्वतःच झोपायचं, हे एकाच शिफ्टमध्ये जमत नाही.

मग मी संध्याकाळी वरच्या फ्लॅटमध्ये जाऊन दिवा लावू लागलो. फिरून परत येताना लांबून इमारत दिसे. सगळ्या काळोखात वरची एकच खिडकी पिवळी. क्षणभर बरं वाटे. कोणीतरी आहे! पायऱ्यांपर्यंत आलो की आठवे, की ते कोणीतरी म्हणजे मीच, आणि विजेचं बिलही मलाच.

याच काळात मी आयुष्यातली पहिली फसवणूक केली. सुमनचा फोन रोज सातला येई. सातला पाच कमी असताना मी वर गेलो, न्हाणीघरातला नळ जोरात सोडला, स्वयंपाकघरात एक पातेलं मुद्दाम काठावर ठेवलं (आपोआप पडेल या आशेनं) आणि धावत खाली आलो. फोन वाजला.

"ऐक," मी धापा टाकत म्हणालो आणि फोन पाइपाला लावला. पाइपातून पाणी खळखळत होतं.

"अगंबाई! आलं का कोणी?"

"आजच आले."

"कोण आहेत?"

"चांगले आहेत."

"किती माणसं?"

"बरीच."

तेवढ्यात वर पातेलं पडलं. इतकं वेळेवर आयुष्यात माझं काहीच पडलं नव्हतं! सुमन खूश झाली. म्हणाली, "पातेलं पडलं ना? बाई घाईची दिसतेय. द्या बघू तिला फोन, ओळख करून घेते."

मी छताकडे पाहिलं.

"अहो?"

"ती... भांडी घासतेय."

"मी थांबते."

ती थांबली. पाच मिनिटं थांबली. नाशिकहून, मोबाइलवर! शेवटी म्हणाली, "जा, नळ बंद करून या. टाकीतलं पाणी संपेल." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आता खरा भाडेकरू मिळवणं भाग होतं. मी पाटी लावायचं ठरवलं. भरतशेठ म्हणाला, "विंग्लिशमधी लिवा. 'लक्झरी' लिवा." मी म्हटलं, पाटी मराठीत लागेल, शुद्ध लागेल आणि नेमकी लागेल. मी मजकूर तयार केला. 'वरच्या मजल्यावरील सदनिका भाड्याने देणे आहे. इच्छुकांनी चौकशीसाठी खालच्या मजल्यावर मालकांस समक्ष भेटावे.' तो घेऊन नाक्यावरच्या पेंटरकडे गेलो. पेंटर अक्षरावर पैसे घेत असे. त्यानं मजकूर वाचला, माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, इतने में तो मैं आपको शादी की पत्रिका लिख के दूँगा."

मी तिथेच उभा राहून मजकुराचं संपादन केलं. 'समक्ष' काढला. 'इच्छुकांनी' काढला. (इच्छा नसलेला येईलच कशाला?) छाटता छाटता चार शब्द उरले. 'फ्लॅट भाड्याने. मालक खाली.' इतकं आटोपशीर मराठी मी उभ्या आयुष्यात लिहिलं नव्हतं. पेंटरलाही ते आवडलं. त्यानं खूश होऊन, पैसे न घेता, 'खाली' या शब्दाखाली एक लाल बाण काढून दिला.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वाकून पाटी बांधायची माझी हिंमत होईना, म्हणून ती मी माझ्याच खिडकीच्या जाळीला बांधली. बाण माझ्या दाराकडे.

एकवीस वर्षांचा कोणीही भिवंडीकर यातली चूक पाहताक्षणी सांगेल. आमच्याकडे भाड्यानं घर शोधणारा माणूस बहुतेक करून हिंदी बोलणारा असतो. त्याला मराठी 'फ्लॅट' कळतो, 'भाडं' कळतं, 'मालक' कळतो. आणि 'खाली' तर फारच चांगला कळतो. खाली म्हणजे रिकामं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी जेवायला बसलो होतो. खिडकीतून एक माणूस डोकावला.

"ये वाला खाली है ना?"

"खाली नाही, वर. वर खाली आहे," मी म्हणालो आणि माझं मलाच काही कळलं नाही.

"पर बोर्ड पे तो खाली लिखा है."

"वो मराठी खाली है. मैं खाली रहता हूँ."

"आप खाली रहते हैं?"

"हां. मालिक खाली."

त्यानं माझ्या पाठीमागे पाहिलं. भिंतीला लागून एक खुर्ची. मोरीपाशी एक बादली. समोर एक ताट, एक वाटी, एक पेला. दारात चपलांचा एक जोड. सगळं नीट पाहून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "हाँ, खाली ही तो है."

त्याच्याशी वाद घालता येईना. तो वर न चढताच निघून गेला.

त्या आठवड्यात असे नऊजण आले. प्रत्येकानं मला 'कब खाली करेंगे?' असं विचारलं. भरतशेठ म्हणाला, "दाजी, पाटी बदला." मी म्हणालो, "पाटी मराठी आहे, तिनं मराठीतच बोलावं." तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्व सांभाळणाऱ्याच्या वाट्याला सहसा एकांत येतो, तो माझ्याकडे आधीपासून होताच.

मग नातवाचं बारसं ठरलं. मला दोन दिवसांसाठी नाशिकला जायचं होतं. मनात असं, की तिथे समोरासमोर बोलून सुमनला घेऊनच यायचं. जाताना दोन्ही फ्लॅटच्या किल्ल्या भरतशेठकडे दिल्या. कोणी पाहायला आलंच तर. एकतीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवलेला माणूस किल्ल्या तशाच कशा देईल? मी पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, भोकं पाडली, दोरा ओवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं. एकीवर 'वर'. दुसरीवर 'खाली'.

बारसं छान झालं. सुमनला एकटीला गाठून मी म्हणालो, "चल ना आता."

"आलं का वर कोणी?"

"नाही."

"मग?"

"मी आहे ना."

ती माझ्याकडे पाहून हसली आणि बाळाचे लंगोट घड्या घालायला घेतले. लंगोट संपेपर्यंत मी उभा होतो. मग एकटाच गाडीत बसलो.

काल्हेरला उतरलो तेव्हा भर दुपार होती. माझ्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. मनात आलं, घर चुकलं. पण खिडकीत माझी पाटी आणि तिचा लाल बाण होता. मी घंटी वाजवली. दार उघडलं ते एका तरुण बाईनं. तिच्या मागे, माझ्या खुर्चीत, माझ्या खिडकीपाशी, एक म्हातारी पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती.

"कौन है, बहू?" म्हातारीनं विचारलं.

"मैं मालिक," मी म्हणालो. स्वतःच्या दारात उभं राहून हे वाक्य म्हणताना ते खोटं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"अरे मालिक आए! पानी दो, पानी दो!"

मला माझ्या घरात पाहुण्यासारखं बसवण्यात आलं. हळूहळू हकिकत उलगडली. रामकिशन नावाचे एक गृहस्थ, म्हणजे या अम्मांचे चिरंजीव, आधी लूमवर होते. लूम बंद पडले तेव्हा भरतशेठच्या गोदामात लागले. त्यांना घर हवं होतं. भरतशेठनं गाडी चालवता चालवता मुकादमाला फोन केला, "जो फ्लॅट खाली हाय, उसका चाबी दे दो." मुकादमानं किल्ल्या पाहिल्या. एकीवर 'खाली' असं स्वच्छ लिहिलेलं. दुसरीवर 'वर'. मुकादम समजदार होता. त्यानं ताडलं, की तो फ्लॅट कुठल्यातरी नवऱ्या मुलासाठी राखून ठेवलाय. त्याला हात लावला नाही.

"पर सामान?" मी विचारलं. "इसमें सामान था ना?"

"था ना!" अम्मा म्हणाल्या. "पहले वाला किराएदार छोड़ गया. शेठ को पूछा, तो बोले, ऊपर रख दो. हम सबने मिलके एक-एक चीज़ ऊपर पहुँचाई. टूटा कुछ नहीं, हाँ!" आणि मग आवाज खाली आणून, "अकेला आदमी रहा होगा बेचारा. एक थाली, एक कटोरी. और किताबें इतनी, इतनी! कोई बोलने वाला नहीं होगा, तो किताबें जमा कर लीं. कहाँ गया होगा?"

बहूनं चहा आणला. मी तो प्यालो. चहात आलं होतं. काल्हेरमध्ये पाच महिन्यांत दुसऱ्यानं करून दिलेला तो पहिला चहा. तो पिऊन झाल्यावर "आई, तो बेचारा मीच, उठा आता" असं म्हणणारा माणूस वेगळ्या घडणीचा असावा लागतो. त्यातून अम्मांचे गुडघे! एक जिना चढायचा तरी त्यांना अर्धा दिवस लागला असता. मी एवढंच म्हणालो, "ऊपर... मैं ही रहता हूँ."

अम्मांकडून 'वर' लिहिलेली किल्ली घेऊन वर गेलो. खरंच, काही फुटलं नव्हतं. पुस्तकंही नीट रचली होती. मोठी खाली, लहान वर, विषय कोणताही असो. ज्ञानशाखांचं असं वर्गीकरण मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी भरतशेठला फोन लावला आणि जमेल तेवढा संतापलो.

"दाजी," तो म्हणाला, "भाडा येतोय ना?"

"येईल."

"मंग तुमी वर काय आन् खाली काय! उलट वर वारा हाय."

मी सतरंजी पसरून पडलो. खालून कुकरची शिट्टी आली. मग दुसरी. मग रामकिशन ड्युटीवरून आले, सासू-सुनेचं कशावरून तरी वाजलं, कोणीतरी बादली आपटली, अम्मांनी देवाला की सुनेला हाका मारल्या. मी ऐकत पडलो होतो. तिसरी शिट्टी व्हायच्या आत मला झोप लागली ती थेट संध्याकाळपर्यंत. सातला सुमनच्या फोनानं जाग आली.

"वर आलं का कोणी?" तिनं सवयीनं विचारलं.

"आलं," मी म्हणालो. या खेपेला ते खरं होतं.

"पुन्हा नळ सोडलात की काय?"

"नाही गं, शपथ. आजच आले. सामानसुमान, सगळं घेऊन."

"कोण आहेत?"

"एक निवृत्त गृहस्थ आहेत. मराठी. सुशिक्षित. पुस्तकं बरीच आहेत."

"अगंबाई, म्हणजे तुम्हाला सोबत झाली! बायको आहे ना?"

"आहे. सध्या मुलीकडे गेलीय. बाळंतपणाला."

"येईल ना?"

"असं त्यांना वाटतं."

"स्वभावानं कसे आहेत?"

मी विचार केला. "जरा कंटाळवाणे आहेत. पण निरुपद्रवी."

"असू दे. एकटे आहेत तोवर त्यांच्याकडे लक्ष ठेवा. जेवले की नाही विचारत जा."

"विचारतो," मी म्हणालो. फोन ठेवल्यावर मी त्या गृहस्थांना विचारलं. ते जेवले नव्हते.

खरं काय ते भेटल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण सुमननं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसली आणि मला चकित करायचं म्हणून तिनं काही कळवलं नाही. दुपारी ती काल्हेरला उतरली, आपल्या दारासमोर आली, तोरण पाहून तिला वाटलं की मीच तिच्या स्वागतासाठी लावलंय, आणि हसत हसत तिनं घंटी वाजवली. बहू बाजारात गेली होती. अम्मा भिंत धरत धरत आल्या.

"हे... यहाँ जो रहते थे, वो कहाँ हैं?" सुमननं विचारलं.

अम्मांनी नाशिकची पिशवी पाहिली, कुंकू पाहिलं, आणि अत्यंत प्रेमानं उत्तर दिलं, "वो तो ऊपर चले गए, बेटी."

मी तेव्हा वर, उघड्या अंगानं, पुस्तकं विषयवार लावत होतो. खालून एकदम हंबरडा ऐकू आला. काळजाचं पाणी व्हावं असा. माझ्या मनात आलं, अरेरे, अम्मांकडे कोणीतरी गेलं वाटतं! नवा शेजारी म्हणून आपलं काही कर्तव्य आहे. मी सदरा चढवला, चेहरा शक्य तेवढा गंभीर केला आणि सांत्वनासाठी खाली उतरलो.

दारात सुमन बसली होती. अम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत "क्या हुआ, बेटी? वहाँ हवा अच्छी है" असं समजावत होत्या. मी शेवटच्या पायरीवर उभा राहून हळहळत्या आवाजात म्हणालो, "कोण गेलं हो?"

सुमननं वर पाहिलं. हंबरडा अर्ध्यावर थांबला. उरलेला अर्धा तिनं गिळला आणि त्याच श्वासात म्हणाली, "हे काय! सदऱ्याची बटणं कुठे लावलीयत?"

ती परत नाशिकला गेली नाही. अम्मांचं आणि तिचं तासाभरात गूळपीठ जमलं. दोघी गुडघ्यांवर बोलू लागल्या, मी पिशव्या वर नेल्या आणि आम्ही वरच राहिलो. ते राहणं आजतागायत चालू आहे.

आता इतक्या वर्षांनी कधी आमचं वाजलं आणि "तुमच्यासाठी कोण रडतंय!" असं सुमन म्हणाली, की मी तिला त्या दुपारची आठवण देतो. माझ्या मागे माझ्यासाठी कोण किती रडेल, हे स्वतःच्या कानांनी ऐकायचं भाग्य फार थोड्या पुरुषांना मिळतं, असं मी म्हणतो.

"तुमच्यासाठी?" ती म्हणते. "दार उघडलं तर माझ्या ओट्यावर परक्या बाईची कढई! ते पाहून रडले मी. 'ओटाऽऽ' म्हणून रडले."

मी ऐकलं होतं, ते स्पष्ट 'अहोऽऽ' होतं. अर्थात मध्ये एका मजल्याचं अंतर होतं आणि मला ऐकू तेव्हापासूनच जरा कमी येतं.